चिंधीचं टोक बाहेर

नारायण पेठ, पुणे
१२ नोव्हेंबर २०२५

मन्सूरभाऊ,

कुसुमवहिनीचा नमस्कार. खातूनभाभींचा गुडघा आता कसा आहे? साताऱ्याच्या थंडीत जपा म्हणावं. तुमच्यासाठी भाजणी करून ठेवलीय, आलात की न्या.

वहिनीला आत्ताच पत्र लिहायची काय हुक्की आली, असं वाटेल तुम्हाला. मांजरी गावातल्या आमच्या घरात फोनवर स्पीकर लावूनच बोलायचं असतं, आणि माझे मेसेज माझ्याआधी हे वाचतात. म्हणून आज भावाकडे आलेय आणि त्याच्या टेबलाशी बसून लिहितेय. भाऊ तेवढा समजूतदार आहे. चहा ठेवून, दार ओढून घेऊन गेला.

आधी बातमी. जीपला टर्बो बसला. दिवाळीचे दिवे काढले त्याच दिवशी यांनी पोर्चमध्ये सतरंजी अंथरून बॉनेट उघडलं. अपूर्वा फोनवर म्हणाली, "बाबा, गॅरेजला द्या ना." त्यावर, "गॅरेजवाल्याने बसवला तर गाडी गॅरेजवाल्याची," हे उत्तर. लेक तुमच्या मित्राचीच, तिने फोन ठेवला. शेजारचे बद्रीनाथ फाटकाशी उभे राहून रोज विचारायचे, "काय, उडणार का आता?" एके दिवशी यांनी त्यांच्या हातात बॅटरी दिली आणि इंजिनाखाली उजेड धरायला लावलं. त्यानंतर ते फिरकले नाहीत.

मला आता टर्बो पाठ झालाय. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरतो आणि तो इंजिनात जादा हवा कोंबतो, म्हणजे चढावर गाडी रडत नाही. त्याला तेलाची वेगळी नळी लागते, तेल परत यायला दुसरी. नाना पेठेतून सामान आणलं, दोन वेळा चुकीचं आणि तिसऱ्या वेळी बरोबर. क्लिपा कमी पडल्या म्हणून हे वाघोलीला गेले. सकाळी गेलेले, दिवेलागणीला परतले. क्लिपा नव्हत्याच. "ट्रॅफिक," म्हणाले. वाघोलीचं ट्रॅफिक म्हटलं की पुण्यात काहीही खपतं, म्हणून मीही खपवून घेतलं.

परवा तुम्हाला यांचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा तीच बातमी, त्याच शब्दांत. तुम्ही दोन्ही वेळा "अरे वा, यज्ञा!" म्हणालात. मी स्वयंपाकघरात ऐकत होते. दुसऱ्या "अरे वा"च्या आधी तुम्ही क्षणभर थांबलात. तेव्हाच मला कळलं, की तुम्हालाही कळलंय.

तर आता जे लिहायला इथवर आले ते लिहिते.

चिंधीचा नियम तुम्हा दोघांचा. इंजिनाचं तोंड उघडं ठेवायचं नाही, नट आत पडू नये म्हणून चिंधी कोंबायची आणि टोक बाहेर लोंबत ठेवायचं. ज्याची चिंधी आत राहील, त्याने त्या खेपेला किल्ली मागायची नाही, मुकाट डाव्या सीटवर बसायचं. एकदा तुमची राहिली होती. ताम्हिणीपर्यंत तुम्ही डावीकडे बसून संत्री सोलत होतात आणि मी मागे बसून खात होते. यांनी कितीही डिवचलं तरी तुम्ही हूं की चूं केलं नाही.

या वेळच्या चिंध्या माझ्या निळ्या साडीच्या होत्या. मीच फाडून दिल्या. रविवारी काम संपलं आणि हे आंघोळीला गेले. पारोशाने गाडी सुरू करायची नाही, हा यांचा दुसरा नियम. चिंध्या साबणात भिजवताना लक्षात आलं, की काठाचा तुकडा त्यात नाही. सतरंजी झटकली, डबे उलटे केले. मग गाडीपाशी गेले. इतकी वर्षं पाने हातात देतेय, एक क्लिप सैल करणं मला जड नाही. एअर फिल्टरकडून टर्बोकडे जाणारी रबरी नळी काढली. काठ आत होता. पुरता आत, टोकासकट. गाडी सुरू झाली असती तर पंख्याने तो ओढून घेतला असता.

तुकडा पदराखाली घेतला आणि नळी होती तशी बसवली. हे आले, गंध लावलेलं, हातात नारळ. डिझेल बंद ठेवून आधी नुसतं इंजिन फिरवलं, टर्बोपर्यंत तेल पोचेस्तोवर. यातलं काही म्हणजे काही विसरले नाहीत. मग गाडी सुरू झाली आणि टर्बोची बारीक शीळ आली. यांचा चेहरा पाहायला तुम्ही हवे होतात. मग माझ्याकडे वळून नेहमीसारखं विचारलं, "चिंध्या सगळ्या आल्या ना?"

मी म्हटलं, "आल्या."

तेव्हापासून मला नीट झोप नाही. मला भीती वाटते, मन्सूरभाऊ. तेवीस तारखेला तुम्ही यायचंय आणि दोघांनी पानशेतच्या मागचा तो कच्चा चढ चढायचाय. यांच्या मनात चढाशिवाय दुसरं काही नाही. वर जातील, याची मला खात्री आहे. उतरताना घळीच्या बाजूला कोणता पाय कोणत्या पेडलवर, हे क्षणभर विसरले तर? पंचवीस तारखेला डॉक्टरांची वेळ घेतलीय, तेही यांना सांगायचं आहे. अपूर्वा म्हणते गाडी विका. गाडी विकायची नाही. यांनी रोज खुशाल उघडावी, रोज जोडावी, चिंध्या मी मोजीन. पण चालवणं थांबायला हवं, आणि फक्त त्या एका खेपेपुरतं नाही.

हे माझं ऐकणार नाहीत असं नाही. ऐकतील, आणि बायकोने किल्ली काढून घेतली एवढंच मनात धरून बसतील. ते मला नकोय.

म्हणून निळा काठ या पाकिटात घातलाय. आलात की चहा घ्या, शीळ ऐका, तोंडभरून कौतुक करा. मग हा तुकडा बॉनेटवर ठेवा आणि गप्प राहा. माझी ओळख खरी असेल तर हे तुकड्याकडे बघतील, माझ्याकडे बघतील, आणि स्वतःच किल्ली काढून तुमच्या हातात देतील. रागावतील माझ्यावर, रागावू देत. संत्री आणून ठेवते.

आणि तुकडा बघून यांनी "ही चिंधी कसली?" असं विचारलं, तर काही समजावत बसू नका. किल्ली मागून घ्या आणि सावकाश चालवा. संत्री मी सोलेन.

तुमच्या भरवशावर,
कुसुमवहिनी