सुपात घालून दिलेल्या नातीच्या नोंदीबाबत

प्रति,
मा. निबंधक (जन्म-मृत्यू नोंदणी)
तथा ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, उंबरझिरा,
ता. कळमनुरी, जि. हिंगोली.

अर्जदार : विश्वंभर ग्यानबा पतंगे, वय ६९, निवृत्त शाखा डाकपाल, रा. उंबरझिरा.

विषय : नात कोमल हिच्या जन्मनोंदीत आई-वडील म्हणून तांड्यावरील दांपत्याची नावे अर्जदाराने स्वहस्ते लिहिल्याबाबत, आणि ती नोंद न मिटवता दुरुस्त करून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे अर्ज दि. १८/०८/२०२५, २२/०९/२०२५ व १३/१०/२०२५.
२) त्या तिन्हींवरील आपला शेरा : "तपशील अपुरा."

महोदय,

१. मागील तिन्ही अर्ज वरील दोन शब्दांनिशी परत आले. अर्जदाराची एकतीस वर्षे डाकघरात गेली असल्याने परत आलेल्या टपालाची त्याला सवय आहे. मात्र पत्ता बरोबर असताना टपाल परत का यावे, हे त्याला अजून उमगलेले नाही. म्हणून या खेपेस तपशील पुरा दिला आहे, कदाचित पाहिजे त्याहून थोडा अधिकच. तरी आपण जेवण उरकून सावकाश वाचावा.

२. अर्जदाराची सून सौ. शिवकन्या ही परिचारिका आहे. ड्युटी, स्वयंपाक आणि दोन लेकरे सांभाळून तिने दोन वर्षे जर्मन भाषेचा अभ्यास केला, परीक्षा दिल्या, आणि जर्मनीतील एका रुग्णालयात तिला कायमची नोकरी मिळाली. मुलगा हरीश याचे वारंगा फाट्यावर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान होते, ते त्याने चुलतभावाच्या हवाली केले. चांगल्या राहणीमानासाठी जात आहोत, असे दोघे सांगतात. चांगले राहणीमान म्हणजे काय, असे अर्जदाराने एकदा विचारले असता सुनेने समजावून सांगितले की, नळाला रोज पाणी, आठ तासांची ड्युटी आठ तासांतच संपणे, लेकरांना पायी जाता येईल अशी शाळा, आणि संध्याकाळी चौघांनी एकत्र जेवायला बसणे. यात नाव ठेवण्यासारखे काही नाही. चौघे म्हणजे कोण, हे अर्जदाराने विचारले नाही.

३. हरीश, शिवकन्या आणि दोन वर्षांचा नातू वेदांग यांचे पासपोर्ट आले, तिघांचे व्हिसाही आले. आठ वर्षांच्या कोमलचा अर्ज मात्र परत आला. कारण तिच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव भिकाबाई हिरासिंग आडे व वडिलांचे नाव हिरासिंग पेमा आडे असे आहे. हे दांपत्य आपल्याच ग्रामपंचायतीच्या हद्दीतील तांड्यावर, अर्जदाराच्या शेताला लागून राहते. नोंदीच्या वेळी भिकाबाईचे वय ५१ लिहिलेले आहे. एक्कावन्न वर्षांच्या बाईला मूल झाल्याचे वाचून त्या वेळी या कार्यालयात कुणी हूं की चूं केले नाही. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात अर्जदाराची सही आहे. ती सही खोटी नाही. खोटी आहे ती माहिती.

४. आता असे का घडले. शिवकन्याचे पहिले लेकरू पाचव्या दिवशी गेले, दुसरे बाराव्या दिवशी. कोमल पोटात असताना अर्जदाराची पत्नी सखुबाई हिने मनाशी ठरवूनच टाकले होते की, हे लेकरू आपले म्हणायचेच नाही. आपल्याकडची ही जुनी रीत आपणास ठाऊक असेल. ज्या घरात लेकरू टिकत नाही, त्या घरातील बाई बाळाला सुपात घालून, जिची सगळी लेकरे जगली अशा दुसऱ्या बाईला पसाभर ज्वारीवर देऊन टाकते. मग सटवाई त्या घरी येते तेव्हा तिला तिथे त्या घरचे लेकरूच सापडत नाही. पुढे पाच वर्षे झाली की ज्या हाताने दिले त्याच हाताने, त्याच सुपात, पसाभर ज्वारी देऊन सोडवून आणायचे. भिकाबाईची पाचही लेकरे जगलेली. तिचे स्वतःचे नावही असेच भीक मागून जगवलेल्या लेकराचे आहे. म्हणून सखुबाईने तिची निवड केली.

५. दि. ६ सप्टेंबर २०१७ रोजी ओढ्याला पाणी असल्याने गाडी अलीकडेच अडली आणि कोमल महिनाभर आधी घरातच जन्मली. शिवकन्याचे रक्त थांबेना. पाणी उतरल्यावर तिला नांदेडला नेले, तिथे ती अकरा दिवस होती आणि त्यातले पहिले चार दिवस तिला स्वतःची शुद्ध नव्हती. इकडे सखुबाईने सूप उंबऱ्यावर ठेवले, भिकाबाईने उचलले. भिकाबाईची सून शिला हिच्या अंगावर तेव्हा दूध होते. त्या दुधावर, त्या घरात, कोमल अकरा दिवस वाढली. सून नांदेडहून परत आली तेव्हा भिकाबाईने लेकरू तिच्या मांडीवर ठेवले आणि "माझी पोरगी हाय, सांभाळ नीट," असे बजावून गेली. सगळे हसले. शिवकन्या रडली.

६. बाराव्या दिवशी अर्जदार नोंद करण्यास या कार्यालयात येण्यास निघाला, तेव्हा सखुबाई आडवी आली. नावे भिकाबाईचीच लिहायची, असे तिचे म्हणणे. लोकांना सांगायचे एक आणि सरकारी कागदावर लिहायचे दुसरे, तर सुपाचा उपयोग काय? सटवाई कपाळावर लिहिते, तिला कागद वाचता येत नसेल कशावरून? अर्जदाराने या गावातील शेकडो लोकांचे फॉर्म भरले, मनिऑर्डरी पोहोचवल्या, एक पत्र कधी चुकीच्या दारात टाकले नाही. पण दोन नातवंडे मातीआड होताना पाहिलेल्या बाईशी वाद घालण्याची हिंमत त्याला झाली नाही. सोडवणीच्या वेळी नोंदही दुरुस्त करू, असे त्याने मनात म्हटले. २०२१ साली सखुबाई गेली. पाचवे वर्ष आले तेव्हा आठवण करून देणारे कुणी नव्हते आणि सूप माळ्यावरच राहिले. शाळेत अंगणवाडीच्या दाखल्यावर नाव चढले, आधार आई-वडिलांच्या आधारावर निघाले. जन्मदाखला कुणी मागितला नाही, म्हणून कुणी उघडून पाहिला नाही. नोंदीत कुणाची नावे आहेत, हे सून-मुलाला ठाऊक नव्हते. अर्जदाराला ठाऊक होते आणि तो विसरला, हे कबूल आहे.

७. आता सध्याची अवस्था. तारीख ठरली असे समजून या कुटुंबाने जुलैमध्येच आवराआवर केली. गॅसचे कनेक्शन परत केले, रेशनकार्डावरून नावे कमी केली, कोमलचा शाळा सोडल्याचा दाखला काढला. गावाने सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि तीन भाषणे झाली. आता सत्कार झालेला माणूस दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत दिसणे बरे नव्हे. पण साडेतीन महिने झाले, ते दिसतच आहेत. डोंगरकड्याच्या बाजारात जो तो विचारतो, "कवा जाऊन राहिले?" म्हणून हरीशने बाजारात जाणे सोडले; तो वसमतहून भाजी आणतो. दुकान दिलेले परत मागता येत नाही. सुनेने राजीनामा दिलेला. कोमल वर्गात बसते, पण पटावर तिचे नाव नाही. मुख्याध्यापक भले म्हणून तिला खिचडी वाढतात. बाहेरच्या खोलीत चार बॅगा कुलूप लावून उभ्या आहेत. थंडीच्या देशासाठी घेतलेले जाकीट कोमलने बॅगेतून काढले आणि ऑक्टोबरच्या उन्हात ती ते घालून हिंडली. काढ म्हटले तर म्हणते, काढले की जाणे रद्द होईल. हे कुटुंब इथले राहिलेले नाही आणि तिथले झालेले नाही. अडला हरी, या म्हणीचा पुढील भाग आपणास माहीत आहेच. तो येथे लिहिण्याचे कारण नाही.

८. जर्मनीतील रुग्णालयाने रुजू होण्याची मुदत दोनदा वाढवली. शेवटची मुदत २ फेब्रुवारी २०२६, विमान २८ जानेवारीचे. त्याआधी दाखला, त्यावर पासपोर्ट, त्यावर व्हिसा. धाकट्याला घेऊन तू पुढे हो, मी कोमलसोबत मागे राहतो, असे हरीशने सुचवले, तेव्हा शिवकन्या म्हणाली की, एकदा अकरा दिवस सोडली होती, आता एक दिवसही नाही.

९. आपण कार्यालयात ज्या तोंडी सूचना दिल्या त्यांचे पालन पुढीलप्रमाणे झाले. रक्ताची तपासणी करून शिवकन्या हीच आई असल्याचा अहवाल आणला. त्यासाठी दुरुस्तीच्या छापील नमुन्यात रकाना नाही, असे कळले. जन्मदात्या आईने स्वतःच्या मुलीस भिकाबाईकडून रीतसर दत्तक घ्यावे, असाही पर्याय आपण सुचवला. तो ऐकून सून आधी हसली आणि मग कार्यालयाच्या पायरीवर बसली ती तासभर उठली नाही. राहिला तिसरा मार्ग : भिकाबाईचे प्रतिज्ञापत्र. आपला छापील नमुना असा आहे की, "सदर अपत्य माझे नाही, माझा त्याच्याशी कसलाही संबंध नाही व नव्हता." अर्जदाराने तो तांड्यावर जाऊन वाचून दाखवला. भिकाबाईने शाई लावलेला अंगठा पदराला पुसला. तिचे शब्द जसेच्या तसे देत आहे :

"पोटची न्हाई, हे साऱ्या गावाला ठाव हाय. पर माझी न्हाई असं म्या कसं म्हणू? ज्या दिशी म्या म्हणंल, त्या दिशी तिला धनी कोण? लेकरू इतक्या दूर चाललं, अन् जाताना म्या तिला सटवाईपुढं उघडी पाडू व्हय?"

अर्जदाराने पुष्कळ समजावले. हरीश पाया पडला. ती म्हणाली, दुसरे काही सांगा, गळ्यातले मागा, देते; हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. म्हणजे पाहा, जगात ज्या एका बाईची सही पाहिजे, तिने ती द्यायची नाही, आणि तीही मायेपोटी. कुणावर रागवावे?

१०. राग काढायला अर्जदार घरात होताच. त्या दिवशी तांड्यावरून परत येताना हरीशने बांधावर थांबून विचारले, "बाबा, आमी जाऊ नाई म्हणून तुमी गप बसले का?" तेव्हापासून बाप-लेकांत बोलणे नाही. या प्रश्नाचे उत्तर अर्जदाराने मुलाला दिलेले नाही, ते येथे देतो, कारण सरकारी कागदावर पुन्हा खोटे लिहायचे नाही असे त्याने ठरवले आहे. अर्जदाराने मुद्दाम केले नाही. परंतु कोमलचा पासपोर्टचा अर्ज परत आला त्या दिवशी त्याला बरे वाटले होते. एक दिवसभर बरे वाटले. दुसऱ्या दिवशी त्याने सुनेला स्वयंपाकघरात जर्मन पुस्तक मिटून डब्यामागे ठेवताना पाहिले आणि तेव्हापासून बरे वाटलेले नाही.

११. यावर अर्जदाराने स्वतःच्या अकलेने पुढील उपाय केला. सोडवणीचे राहून गेलेले काम काल, रविवार दि. ९ रोजी, तांड्यावर पार पाडले. देणारा हात सखुबाईचा होता, तो नसल्याने तिचा नवरा म्हणून अर्जदाराचा धरला. सूप माळ्यावर तेच सापडले, सखुबाईने बांधलेल्या लाल दोऱ्यासह. आठ वर्षांची मुलगी सुपात मावत नाही, म्हणून कोमल जाकिटासह दोन्ही पाय जोडून सुपात उभी राहिली. अर्जदाराने भिकाबाईच्या ओंजळीत पसाभर ज्वारी घातली. भिकाबाईने मुलीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटे मोडली आणि म्हणाली, "माझी व्हती. आता तुमची तुमाला दिली." मग आपणहून अंगठा पुढे केला. त्यानंतर ती घरात गेली आणि चहा निवून गेला तरी बाहेर आली नाही. हिरासिंगनेच आम्हाला वाटेपर्यंत पोहोचवले. अंगठा घेतलेला जबाब सोबत जोडला आहे. त्यात "नाही" हा शब्द कुठेही नाही, आणि तो घालण्यास कृपया सांगू नये.

१२. तरी विनंती अशी की,

(अ) छापील नमुन्यातील वाक्याऐवजी भिकाबाईचा "माझी होती, दिली" हा जबाब ग्राह्य धरावा. मूल कुणाचे, हा आपला प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्यात पुरेपूर आहे.

(आ) आई-वडिलांची खरी नावे समासात लिहून मिळावीत. मूळ ओळ खोडू नये, पांढरी करू नये. नियमही असाच असल्याचे अर्जदाराने वाचले आहे. पण नियम नसता तरी त्याने हेच मागितले असते. त्या नावावर आमची पोर आठ वर्षे जगली आहे.

(इ) खोटी माहिती दिल्याबद्दल अर्जदारावर जी काही कारवाई असेल ती अवश्य करावी, तो हजर राहील. फक्त ती २८ जानेवारीच्या आधी करू नये, घरात गडबड आहे. त्यानंतर कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी बोलवावे. त्यानंतर अर्जदारास दुसरे काही काम असणार नाही.

निर्णय लवकर व्हावा आणि लवकर होऊ नये, या दोहोंत अडकलेला, तरीही पहिलेच मागणारा,

आपला नम्र,
(सही)
विश्वंभर ग्यानबा पतंगे

उंबरझिरा, दि. १० नोव्हेंबर २०२५

सहपत्रे :
१) कोमलचा मूळ जन्मदाखला.
२) रक्त तपासणीचा अहवाल (रकाना नसलेला).
३) सौ. भिकाबाई हिरासिंग आडे यांचा जबाब, अंगठ्यासह. साक्षीदार : हिरासिंग पेमा आडे, सौ. शिला आडे.
४) रुग्णालयाचे मुदतवाढीचे पत्र व त्याचा सुनेने केलेला मराठी मजकूर.
५) सूप, एक नग, जुने. पाहून परत करावे. तशी पोच मिळावी.