दोन विहिणी आणि एक उंट

ती. ताईंना,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? यजमानांचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर छातीचा एक्स-रे काढून घ्या. आमच्या विभागात आणलंत तर रांगेत उभं राहावं लागणार नाही.) आम्ही इकडे खुशाल आहोत. हे वाक्य एरवी सवयीने लिहिते, आज मुद्दाम लिहिलं आहे, कारण पत्र वाचताना मधेच तुम्हाला त्याची शंका येईल.

पत्र वाळवंटातून लिहिते आहे. वाळू टूथपेस्टमध्ये आहे, उशीत आहे, कानात आहे, आणि तरी लग्नानंतर इतकी मजा मला कधी आली नव्हती. ही सगळी तुमच्या बंधुराजांची कृपा. लिफ्ट दुरुस्त करून करून त्यांची खात्री झाली आहे की अडकलेलं काहीही एकदा वरखाली केलं की सुटतं. लोक फोटो काढायला जातात त्या टेकड्यांपासून बसने आणखी तीन तास आत, एक बंद पडलेलं हवामान केंद्र आहे, तिथे थंडीत खोल्या फुकटात म्हणाव्या इतक्या स्वस्त मिळतात, हे त्यांनी कुठून तरी शोधून काढलं. चार तिकिटं काढली. आम्ही दोघं, तुमच्या आई आणि माझी आई. ही दोघींना घेऊन जायची युक्ती त्यांनी दोघींपैकी एकीलाही सांगितली नाही, मलाही नाही. आणि निघायच्या दिवशी सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात लिफ्ट अडकल्याचा निरोप आला, तसे हे हातात पाना घेऊन जे पळाले (चेहऱ्यावर काळजी होती, पण पावलांत नव्हती), ते अजून घरीच आहेत.

बस स्थानकावर दोघी समोरासमोर आल्या तेव्हा मी डोळे मिटून घेतले. कोटाचं प्रकरण तुम्हाला ठाऊकच आहे, तरी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नऊ वर्षांपूर्वी माझ्या आईने सासूबाईंना लोकरी कोट शिवून दिला. तो खांद्यात घट्ट झाला. सासूबाई म्हणाल्या, मापात चूक आहे. (जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेली बाई, चूक दिसली की बोलणारच.) आई म्हणाली, माप बरोबरच होतं, मधल्या काळात जेवणं झाली. (जन्मभर शाळेचे गणवेश शिवलेली बाई, तीही काही कमी नाही.) तेव्हापासून एका खोलीत बसूनही दोघी माझ्यामार्फत बोलतात. बसमध्ये नऊ तास मी मधल्या सीटवर होते. तुझ्या आईला खिडकी लावायला सांग. तुझ्या सासूबाईंना सांग, वारा बाहेरून नाही, बिजागरीतून येतोय. उतरले तेव्हा माझी मान दोन्ही बाजूंना सारखीच दुखत होती.

केंद्र सांभाळणारे काका निवृत्त हवामान निरीक्षक. सरकारने केंद्र बंद केलं, यांनी केलं नाही. रोज सकाळी आठ वाजता पर्जन्यमापकात वाकून बघतात आणि वहीत शून्य लिहितात. इतक्या मन लावून शून्य काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सोबत काकू आणि एक उंट. पहिल्या सकाळी बाहेर आलो तर वाळू पाण्यासारखी गार, आणि सासूबाईंनी अंगात काय घातलेलं असावं? तोच कोट. नऊ वर्षं म्हणे ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवला होता. आईने बघितला, आणि दूरवर, जिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं, तिकडे बघत राहिली.

उंटाच्या पाठीवर दोघांपुरती बैठक. मी घाबरट, म्हणून काकांनी दोघी विहिणींना चढवलं, सासूबाई पुढे, आई मागे. उंट आधी मागच्या पायांवर उठतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई पुढे झुकल्या, आई त्यांच्यावर, आणि कोटाची शिवण खांद्यापासून काखेपर्यंत टर्रकन गेली. उंटाने शांतपणे एक फेरी मारली, परत आला, आणि बसेना. काकांनी दोरी ओढली, विनवण्या केल्या, शेवटी सरकारी आवाजात हुकूम सोडला. मग त्यांनी कबूल केलं की उंट फक्त काकूंचं ऐकतो, आणि काकू नऊच्या बसने बाजाराला गेल्यात, एक वाजता येतील.

साडेतीन तास, ताई. मी स्टूल आणलं, ते हातभर कमी पडलं. वारा मोजायच्या काठीला थर्मास बांधून चहा वर पोचवला. तेवढ्यात बघते तर आईने पर्समधून सुईदोरा काढलेला.

"हलू नका," आई म्हणाली. नऊ वर्षांनी थेट बोललेले पहिले दोन शब्द.

"मी हलत नाहीये," सासूबाई म्हणाल्या, "उंट हलतोय."

मी श्वास रोखून धरला. (एरवी हे मी दिवसातून चाळीस लोकांना सांगते.) वरून दोरा ओढल्याचा आवाज येत राहिला. मग आई त्या पाठीकडे बघत म्हणाली, की माप चुकलंच होतं. त्या वर्षी तिला मोतीबिंदू झाला होता आणि टेपवरचे आकडे दिसत नव्हते. शाळेचं काम जाईल म्हणून तिने कुणाला कळू दिलं नाही, मलाही नाही. मी खाली उभी, हातात स्टूल. मी रोज लोकांची हाडं आरपार बघते, आणि घरातलं एवढं दिसलं नव्हतं. मला वाटलं आता सासूबाई काही तरी लागट बोलणार. त्या म्हणाल्या, "त्याच वर्षी मी एका कॅलेंडरात नोव्हेंबरचे एकतीस दिवस जाऊ दिले. पाच हजार प्रती छापल्या." आणि दोघी अशा काही हसत सुटल्या की उंटाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

एक वाजता काकू आल्या. पिशवी खाली ठेवून त्यांनी जीभ टाळूला लावून दोनदा आवाज केला, आणि उंट घडीच्या खुर्चीसारखा मिटला. दोघी उतरल्या नाहीत. एक फेरी राहिली आहे म्हणाल्या.

तेव्हापासून माझी इथे काही किंमत राहिलेली नाही. सकाळी दोघी गोणपाटावर बसून टेकडीवरून घसरतात, दुपारी काकांच्या वहीतली शून्यं तपासतात, आणि निरोप अजूनही चालूच आहेत, फक्त आता ते माझ्याबद्दलचे असतात. तुमच्या सुनेला सांगा, टोपी घाल म्हणावं. तुमच्या मुलीला सांगा, उन्हात किती बसायचं. मी दोघींच्या मधेच बसलेली असते.

बाकी सर्व ठीक. मुलांना आशीर्वाद.

तुमची भावजय

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण असं. सासूबाईंची तुमच्याकडे यायची पाळी एक तारखेला सुरू होते ना? त्या येतीलच, पण विहीणबाईंना घेऊन येतील, आणि विहीणबाई शिलाई मशीन घेऊन. मुक्काम तीन महिने. तुमच्या पडद्यांबद्दल दोघींचं आत्ताच एकमत झालं आहे. कृपया नाही म्हणू नका, मी तुमच्या वतीने दोघींना हो सांगितलं आहे.

ता. क. (दुसऱ्या हस्ताक्षरात) : पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून वाचलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका दुरुस्त केल्या आहेत. मजकुरात एक राहिली आहे. उंटाला बसवायचा आवाज मी त्या सकाळीच खिडकीतून ऐकला होता, पण बाही अर्धीच झाली होती, म्हणून बोलले नाही. विहीणबाईंनीही ऐकला होता, असं त्या आज म्हणाल्या. - आई