अवनेरचं गाणं इंग्रजीत

१४ फेब्रुवारी १९९४, हैफा

ठरलं. यापुढे इंग्रजीत गायचं!

हाम्बुर्गच्या रेकॉर्डवाल्याचा फॅक्स एलिआवने आज तालमीला आणला. म्हणतो, तुमच्या संगीताने वेड लावलंय, पण हिब्रू शब्द कळत नाहीत. इंग्रजीत केलंत तर रेकॉर्ड काढतो, उन्हाळ्यात जर्मनीत फिरवतो. चार वर्षं आम्ही तिघं या तळघरात घाम गाळतोय — एलिआव गिटारवर, त्सिपी ड्रमवर, मी बास वाजवते आणि गाते — आणि अख्ख्या देशात आमचा सायकेडेलिक, गुंगी आणणारा रॉक ऐकणारे असतील-नसतील तीनशे.

"त्यातले निम्मे माझे चुलतभाऊ," त्सिपी म्हणाली.

हात वर करून मत घेतलं. तिन्ही वर.

१७ फेब्रुवारी

जुनी गाणी इंग्रजीत करून पाहिली. भयंकर. हिब्रूत तीन शब्दांत मावतं त्याला इंग्रजीत आठ लागतात, सुरावर बसतच नाही. एलिआव हसून हसून आडवा. "दोरित, विमानतळावरची बाई विमानांच्या वेळा सांगतेय असं वाटतं."

नवीच लिहावी लागणार.

२ मार्च

आमची पहिली कॅसेट ज्याने विकली तो दुकानदार मोर्देखाय माझ्याशी बोलेना. मग बोललाच. "दोन हजार वर्षं पोथ्यांत पडलेली भाषा आपण बोलती केली, आणि तुम्हा पोरांना ती गाण्यापुरती जड झाली?"

त्याने दिलेली कॉफी तशीच ठेवून आले.

९ मार्च

इंग्रजीत लिहिताना मला लाज वाटत नाही! आजच कळलं. हिब्रूतला प्रत्येक शब्द घरचा — कुणी ना कुणी तो वापरून माझ्यावर ओरडलेलं असतं. इंग्रजी शब्द कोरे. भरभर लिहीत गेले — आणि मध्येच गाण्यात अवनेर आला.

माझा भाऊ. सहा वर्षांपूर्वी अब्बांशी कडाक्याचं भांडण झालं. "या घरातून गेलास तर परत तोंड दाखवू नकोस." पहाटे तो गेला, बूट हातात घेऊन, आवाज नको म्हणून. मी खिडकीत होते. पायऱ्या उतरताना त्याने वर पाहिलं. मी हाक मारली नाही. हे इमाला, माझ्या आईला, मी आजवर सांगितलेलं नाही.

पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, त्यांवर पत्ता नाही. मग तीही बंद. गेल्या वर्षी अब्बा वारले तेव्हा कळवणार कुठे? सात दिवस दुखवट्याला बसलो, दार उघडं, आणि जिन्यात पाऊल वाजलं की इमा मान वर करायची.

हिब्रूत गायले असते तर इमाला पहिल्याच ओळीत कळलं असतं की मी जागी होते. तिला इंग्रजी येत नाही.

१० मार्च

दोघांना म्हणून दाखवलं. एलिआवने गिटार उचलली आणि एकाच सुराभोवती घिरट्या घालत राहिला — नऊ मिनिटं! असं त्याने कधीच वाजवलेलं नाही. त्सिपीने शेवटी विचारलं, "यात तुझे अब्बा गेल्याचं नाही कुठे?"

म्हटलं, ते वेगळं गाणं आहे. अजून जमत नाही.

२२ मे

रेकॉर्ड निघाली! हाम्बुर्गवाला फोनवर नुसता ओरडत होता — तीन देशांतल्या रेडिओवर लागलंय, लोक 'अवनेर' मागून ऐकतात.

इमाने घरी लावायला सांगितलं. हात मांडीवर ठेवून पूर्ण ऐकलं.

"त्याचं नाव घेतेस ते कळलं. बाकी काय म्हणतेस?"

"आठवण येते, असं."

"एवढं लांबलचक?"

आणि पुन्हा लावायला सांगितलं.

१९ जून

उच्चारांची तालीम. जीभ दातांत धरून दुखली.

३ जुलै, लाइपझिश, जर्मनी

दोन हजार माणसं! भर दुपारी, मैदानात. 'अवनेर' सुरू झालं आणि पुढच्या रांगेतली एक मुलगी माझ्याबरोबर ओठ हलवायला लागली. मी लिहिलेले शब्द! परक्या भाषेतले, तिलाही परकेच. एलिआवने शेवट इतका लांबवला की त्सिपीची एक काठी मोडली.

कुठल्याही भाषेत गाईन मी. काहीही गाईन.

४ जुलै

सकाळी सामान गाडीत चढवत होतो. मागून कुणीतरी हिब्रूत म्हणालं, "दोरी, आवाज तोच आहे तुझा." वळले. दाढी वाढलेला अवनेर. रॉटरडॅमला रेडिओवर स्वतःचं नाव ऐकलं, आम्ही लाइपझिशला गाणार हेही ऐकलं, आणि रात्रभर गाडी चालवत आला होता. मी गळ्यात पडले, सोडवेना.

मग तो हसत म्हणाला, "अब्बांनी ऐकलं का गं? का अजून रागातच आहेत?"

मी त्याला गाडीच्या पायरीवर बसवलं.