खालच्या थरातली चीर

पुणे, ३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आप्पांना राजनंदिनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोन आई स्पीकरवर टाकते, म्हणून दुकानाच्या पत्त्यावर पत्र.

आमचं यंत्र बाळाचा श्वास थांबला की ओरडतं. त्याच्या सर्किट बोर्डात तांब्याचे सहा थर लागतील असं आमचे वरिष्ठ कैवल्य सर म्हणत होते. मीच हट्टानं चारात बसवला. यंत्र स्वस्त झालं तर उमरग्याच्या लहान दवाखान्यांनाही परवडेल, असं वाटलं. सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं.

वरच्या थरातून सिग्नल जातो, त्याचा प्रवाह बरोबर खालच्या अर्थिंगच्या थरातून परततो. जागा पुरेना म्हणून मी त्या खालच्या थरात चीर पाडून दुसरी लाइन नेली. आता परतीच्या प्रवाहाला वळसा पडतो. काल तपासणीत नकली श्वास थांबवला, तेवढ्यात शेजारी मोबाइल वाजला आणि यंत्र गप्पच राहिलं. एकदाच. तिथं मी एकटी होते.

चाळीस यंत्रं पंधरा तारखेला निघणार. त्याच दिवशी मला कायम करणार आहेत. सांगू का, आप्पा?

तुमच्या मायेची आज जरा जास्तच गरज आहे.
राजनंदिनी

परंडा, ७ फेब्रुवारी

चि. राजनंदिनीस आप्पाचे पोटभर आशीर्वाद.

तुझे थर मला कळत न्हाईत, म्या जळक्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरणारा माणूस. पण चीर कळली. तू सातवीत होतीस, तवा कस्तुराबाईच्या मोटारीत माझ्या हातनं तार खरवडली गेली. वाइंडिंग उकलायचा कंटाळा केला, वार्निश मारून दिली. दुकानात झकास चालली. आठ दिवसांनी बाईला शॉक बसला, उजवा हात कायमचा गेला. लोक म्हणाले, ओल्या हातानं बटण दाबलं आसंल. म्या गप बसलो. आजबी गेलो की ती डाव्या हातानं चहा पुढं करते.

तुझ्या आईनं नोकरीचे पेढे समद्या गल्लीत वाटलेत. खाल्लेत त्यांनी, पचवतील. तू सांगून टाक.

राग येईल कंपनीवाल्यांना, आमची माया हाय तेवढीच राहील.
आप्पा

पुणे, १६ फेब्रुवारी

तीर्थरूप आप्पांना नमस्कार.

पत्र आलं त्याच दिवशी कंपनीच्या मालकीणबाई निवेदिता मॅडमना सांगितलं. सर म्हणाले, शेकडो वेळा तपासलंय, पोरीचा वहीम आहे. मॅडमनी विचारलं, बोर्डाचा आराखडा कुणी काढला. मी म्हटलं, मी.

यंत्रं थांबली. माझं कायम होणंही थांबलं. मग तीन दिवस प्रत्येक यंत्राशेजारी मोबाइल वाजवत मलाच तपासायला बसवलं. सर बाजूला उभं राहून वहीत टिपत होते, माझ्याकडं बघतही नव्हते.

आप्पा, चाळीसातली अकरा गप्प राहिली. अकराव्याला सर खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

आईला सावकाश सांगा. आणि लेकीवरचा लोभ पातळ होऊ देऊ नका.
राजनंदिनी