कोरडं म्हणजे कोरडं

बाबा, मी तुमच्यावर चिडले आहे. ज्याच्याशी भांडायचं तो माणूस कधीचाच गेलेला असला की फार पंचाईत होते. म्हणून काल हिंगणघाटला आले आणि आईच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "काऊन आली अशी न सांगता? मालकीन झाली ना तू आता?" मी म्हटलं, मालकीण झाले तिथंच चुकलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

तुम्हाला पहिल्यापासून सांगायला हवं. तुमच्यामागे आपल्या शेडमध्ये कापसाच्या जिनिंग मशिनींच्या दुरुस्तीची कामं हळूहळू यायची थांबली. आता नव्या मशिनी आल्यात, बिघडल्या की कंपनीचाच माणूस येतो. मी लेथ पुसत बसून राहायची. तेवढ्यात कळलं की समुद्रकाठी, बंदराच्या शहरात, एक जुनं वर्कशॉप विकायचं आहे. बोटींचे शाफ्ट, पंप, विंच, सगळी कामं तिथं येतात. मालक थकलेले, त्यांच्या मुलांना यात रस नाही. मी शेड विकली आणि ते वर्कशॉप घेतलं. गिऱ्हाईक, कामगार, फोरमन, सगळं आयतं मिळेल असं वाटलं होतं. मिळालं खरं, पण ते माझं झालं नाही. गिऱ्हाइकांची ओळख करून द्यायला काही महिने यायचं, असं जुन्या मालकांचं आणि माझं ठरलं होतं. ते रोज सकाळी येतात, दाराजवळच्या खुर्चीत बसतात, आणि मी काहीही सांगितलं की कामगार आधी त्या खुर्चीकडे बघतात. मालकांनी मान हलवली की मग हात हलतात. मी त्यांना "काका" म्हणते, ते मला "मॅडम" म्हणतात, आणि त्या "मॅडम"मध्ये इतका आदर असतो की अंगाचा तिळपापड होतो.

तिथली संध्याकाळ तुम्ही पाहिली असती तर आरडाओरडा केला असता. मशिनींवर तेलाचा थर. लेथला हात लावावा तर कोपरापर्यंत चिकट. मला आपली शेड आठवायची. मी शाळेतून यायची आणि तुम्ही माझ्या हातात फडकं द्यायचात. लेथ चकचकीत पुसायचा, एक थेंब दिसता कामा नये. एकदा मी कोपऱ्यात तेलानं भिजलेला चिंधीचा बोळा विसरले, तर तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांसमोर माझ्यावर ओरडलात. मी रडत विचारलं होतं, एवढं काय झालं? "कोरडं म्हंजे कोरडं. काऊन, कशाले, हे इचारू नको." तुमचा आवाज अजून कानात आहे. त्यानंतर मी कधीच विचारलं नाही. दसऱ्याला आपण सगळे दीक्षाभूमीला निघायचो तेव्हाही तुम्ही आधी शेडमध्ये जाऊन लेथ पुसून यायचात, आई स्टँडवर जायच्या रिक्षात बसून चिडचिड करत असायची.

यंदाही दसऱ्याला मला नागपूरला जायचं होतं. वर्कशॉपात कामगार त्या दिवशी मशिनींची पूजा करतात, झेंडूच्या माळा घालतात. मी म्हटलं, करा. पण पूजा झाली की सगळं पुसायचं, कुंकू नको, तेल नको, हार नकोत, मशिनी एकदम कोरड्या करून कुलूप लावायचं. आणि बाबा, तो माझा पहिला हुकूम, जो ऐकताना कोणी खुर्चीकडे पाहिलं नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दीक्षाभूमीच्या गर्दीत उभी राहून मी मनातल्या मनात तुम्हाला म्हणत होते, बघा, बसवली घडी.

सुट्टी संपवून परत गेले, कुलूप उघडलं, तर सगळं वर्कशॉप तांबूस. लेथ, ड्रिल, व्हाइस, जिथं जिथं उघडं लोखंड तिथं गंज. एका मच्छीमार बोटीचा शाफ्ट तयार करून ठेवला होता, तोही मी पुसायला लावला होता. बोटवाला आला, त्यानं शाफ्टवर बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. मग सरळ खुर्चीकडे गेला. वर तेलाचा थर नसेल तर खारी हवा लोखंड खाते हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण हाताला लागलेलं वळण तुमचं होतं. मी मालकांना म्हटलं, काका, तुम्ही समोर बसून होतात, एका शब्दानं तरी सांगायचं. ते शांतपणे म्हणाले, "वर्कशॉप तुमचं. मी कशाला मध्ये पडू?" आणि लगेच, त्याच सुरात, "जड जात असेल तर मी परत घेतो हो. काही कमीपणा नाही त्यात." येत्या सोमवारी त्यांना उत्तर द्यायचं आहे. परत दिलं तर इथली शेडही गेलेली, तिथलंही गेलेलं. नाही दिलं तर उरलेला जन्म त्या खुर्चीसमोर उभं राहायचं.

आज जेवताना हे सगळं आईला सांगितलं आणि तुमच्या नावानं खडे फोडले. ती म्हणाली, "त्याईच्या हातावरचा डाग पाह्यला होता ना तू?" मी म्हटलं, बाबांचा तो भाजल्याचा डाग फटाक्याचा होता. "फटाक्याचा नोहे. तू पाळण्यात होती तवा. जिनात रिपेरिंगले गेलते, तेलाचा बोळा तसाच राह्यला मशिनीवर. कापूस उडून राह्यलता, ठिनगी पडली. संग काम करनाऱ्या मानसाचे दोन्ही हात गेले. त्याईनंच ठेवला होता बोळा. मले म्हने, पोरीले सांगू नको."

म्हणजे कारण होतं. केवढं मोठं कारण होतं, बाबा! ते सांगितलं असतं तर समुद्रावर गेल्यावर मला एवढं तरी सुचलं असतं की इथे कापूस उडत नाही. तुमची लाज राखायला तुम्ही मला नुसता हुकूम दिलात, आणि मी तो बासनात बांधून इतक्या लांब नेला. राग जात नाही. तुमच्या डागाची कीव येते, आणि तरी राग जात नाही.

मघाशी मालकांना फोन केला, सोमवारची वाट न पाहता. परत देणार नाही म्हणून सांगितलं. फोरमनशीही बोलायचं आहे, पण ते फोनवर जमणार नाही, समोर उभं राहूनच बोलावं लागेल. कारण, मला कोणी एका शब्दानंही सावध केलं नाही असं मी सगळ्यांना म्हणत फिरते आहे, आईलाही तेच सांगितलं, ते खरं नाही. कुलूप लावायच्या आधी फोरमन माझ्याजवळ आला होता. हळूच म्हणाला होता, "मॅडम, कोरडंच ठेवायचं? का पण?" आणि मी त्याला काय उत्तर दिलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. शब्दही तुमचेच होते, आणि म्हणताना मला फार बरं वाटलं होतं.