गेटवरचे तीन टोल

दामू,

तुला जय भीम लिहायला आज हात धजत नाय रं.

खोपोलीचा कारखाना बंद पडल्यावर थकलेला पगार मिळेस्तोवर मालकानं यंत्रं नेऊ नयेत म्हणून घरटी एकानं गेटवर पाळी धरली. ट्रक आला की घंटेचे तीन टोल द्यायचे, सगळ्यांनी धावत यायचं. तुझ्या पाळीला टोल पडलेच नायत. यंत्रं गेली, घंटाही गेली. ‘डोळा लागला,’ म्हणालास. भावाची लाज राखायला मी चाळभर सांगितलं, ताप होता त्याला.

काल कळंबला, त्याच मालकाच्या, तू मॅनेजर असलेल्या रिसॉर्टवर आले. काउंटरजवळ आपलीच घंटा टांगलेली. मी तीन टोल दिले. तू धावत आलास.

‘ताई, पाहुणे दचकतात गं.’

त्या दिवशी आमाला दचकवायचं होतंस, दामू.

तुझा ताप सांगत फिरलेली,
भीमा