गणपतीआधीचा गिलावा

अण्णा, तुमचा पूल मी पाडायच्या यादीत सगळ्यात वर घातला आहे. रागवायचं असेल तर आत्ताच रागवून घ्या, कारण पुढचा मजकूर याहून वाईट आहे.

शहरातून हायवेला जाऊन मिळणाऱ्या रस्त्यावरचे आणि पुढे हायवेवरचे जुने कमानीचे पूल आता थकले. इंग्रजांनी ते बैलगाड्यांच्या हिशेबाने बांधले, आणि त्यांवरून आता पावस गावचा आंबा भरलेले ट्रक जातात. कुठला पूल आधी बदलायचा आणि कुठला मागाहून, हे ठरवायचं काम सरकारने तुमच्या मुलाकडे दिलं आहे. मला पहाटे शास्त्रीबुवांच्या ओटीवर विभक्त्या घोकायला बसवून तुम्ही सायकल काढायचात आणि पुलावर जायचात. घोकलेलं सगळं अजून पाठ आहे. खात्यात त्याचा उपयोग एवढाच, की टिपणीत ‘जीर्ण’ लिहिताना माझा हात अडखळत नाही.

तुम्ही त्या पुलाचे ओव्हरसियर. बांधला दुसऱ्यांनी, पण नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत तो तुमच्याच ताब्यात होता, म्हणून लोक अजून त्याला अण्णांचा पूल म्हणतात. श्रावण सरत आला आणि पावसाने जरा उघडीप दिली, की तुम्ही गवंडी लावायचात. गणपतीला मुंबईहून चाकरमानी येणार, एस्टी पुलावर चढली की त्यांना आपलं गाव आलं असं वाटणार, तेव्हा पूल कसा लख्ख दिसला पाहिजे. आपल्या घरात मखराचा अजून पत्ता नसायचा, आई पुठ्ठे आणि खळ घेऊन वाट बघत बसायची, आणि तुम्ही कमानीखाली परांचीवर उभे राहून ‘अजून एक हात मार रे’ म्हणत असायचात. जांभ्यावर सिमेंटचा गिलावा, गिलाव्यावर चुना, पुढच्या वर्षी त्यावर आणखी एक थर. दगड पावसाने तुडुंब भिजलेला. दिवाळीनंतर तो सुकल्यावर केलं असतं तर निदान थोडं निभावलं असतं. पण गणपती दिवाळीनंतर येत नाहीत.

गेल्या आठवड्यात साहेबांना घेऊन पूल दाखवत निघालो. साहेब साताऱ्याकडचे, माणूस सरळ. बाकीच्या पुलांवर शेवाळ, सांध्यांतून पिंपळाची रोपं डोकावतायत. ते म्हणाले, “हे आधी पाडू. तुमच्या वडिलांचा शेवटी ठेवा. अजून नवरदेवासारखा उभा आहे.” मी म्हटलं, “साहेब, पावडर लावलेल्या माणसाची नाडी बघावी लागते.” कमानीखाली उतरलो, हातभर गिलावा फोडून घेतला आणि आतल्या दगडावर छत्रीचं टोक टेकवलं. चक्क्यात चमचा जावा तसं ते आत गेलं. मागोमाग तांबडं पाणी आलं.

साहेबांनी छत्री हातात घेऊन तिचं टोक न्याहाळलं. “एवढं पाणी आत कुठून आलं?”

“वरून, रस्त्यातून मुरतं. जांभा पाणी पितो, पण त्याला मोकळं ठेवलं तर सोडतोही. सोडायची वाट आमच्या अण्णांनी बुजवली. दरवर्षी, मनापासून.”

“हे असं लिहिणार तुम्ही? अहो, वयोमानाने जीर्ण म्हणा आणि सोडून द्या. वडील आहेत तुमचे.”

मी नाही म्हटलं. तुमचा पूल इतका देखणा दिसायचा, की बाकीच्या ओव्हरसियरांनीही तुमची पद्धत उचलली. वयोमान लिहिलं तर यंदाही त्या सगळ्या पुलांना गिलावा चढेल, आणि एखादा भरल्या एस्टीसकट खाली बसेल. शेवाळलेले, बोडके पूल आणखी काही वर्षं खुशाल उभे राहतील. मरतायत ते गोरेगोमटे. तेव्हा कारण मी स्वच्छ लिहिलं: ओल्या जांभ्यावर वर्षानुवर्षं केलेला सिमेंटचा गिलावा. कोणी केला तेही लिहिलं. श्राद्धाला तुमच्या पानावर खीर वाढतो, एक मंत्र गाळत नाही, भटजी गाळू लागले तर त्यांनाही थांबवतो. अहवालात मात्र तुम्हाला सवलत मिळणार नाही.

सध्या पुलावर ट्रक बंद आहेत. एस्टी अलीकडे थांबते, माणसं उतरून चालत पलीकडे जातात आणि रिकामी गाडी मागून हळूहळू येते. जाणारा प्रत्येक जण मला शिव्या घालतो. काल डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण माझ्यासमोर थांबली. “तुज्या बापाशीनं जल्मभर रंगवला न् तू त्येच्यावरनं आमाला चालवतोस? लाज नाय वाटत?” मी म्हटलं, “मावशी, चाललात म्हणून बोलताय तरी.” ती म्हणाली, “शिकलेला हायस, त्वांड लय चालतंय.” शिव्या खातोय. पूल पाडून होईपर्यंत खाईन.

घरी आई दोन दिवस ताट पुढ्यात ठेवून आत निघून जात होती. तिसऱ्या दिवशी आमसुलाचं सार वाढताना म्हणाली, “त्यांच्या पुलाला हात लावायला दुसरं कोणी मिळालं नाही होय रे?” मी सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “हे त्यांना जिवंतपणी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं.”

“मग हळू सांगितलं असशील.”

हळू नव्हतं सांगितलं. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, गणपतीसाठी घरी आलो होतो, गवंडी माल कालवत होते, आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, “अण्णा, या दगडाला सिमेंटने मारताय तुम्ही. त्याला मोकळा ठेवा.” तुम्ही वळूनही बघितलं नाहीत. “दोन वर्षांत दगडाची भाषा आली काय तुला? जा घरी, आईला खळ करून दे.” गवंडी हसले. मी गेलो, खळ केली, आणि त्या दिवसापासून मी बरोबर आणि तुम्ही चूक हे मनात पक्कं धरून बसलो. छत्री आत गेली तेव्हा साहेबांचा चेहरा उतरला. माझा उतरला नाही, हे कबूल करतो.

हे पत्र तुमच्या पत्त्यावर पोचवायची सोय पोस्टाकडे नाही, म्हणून एक गोष्ट बिनधास्त लिहितो. त्या दिवशी मला खात्री नव्हती. वर्गात जुन्या दगडाला सिमेंट नको, चुना हवा, असं काहीतरी अर्धवट कानावर आलं होतं, बाकीचं मी पुलावर उभ्या उभ्या रचलं. तुम्ही न झापता नुसतं ‘कशावरून?’ असं विचारलं असतंत, तर मला एक वाक्य पुढे बोलता आलं नसतं.